हळद्या, कोतवाल आणि दोनदा धुतलेला शर्ट

आपण छान लपलो आहोत, हे केतकीला पटलं होतं, तिच्या तात्या आजोबांना पटलं होतं, आणि त्यांच्या भिंगऱ्या नावाच्या यंत्रमानवालाही पटलं होतं. फक्त पक्ष्यांना पटत नव्हतं.

चैत्रातली सकाळ. उद्यापासून विणीसाठी (अंडी-पिल्लांच्या काळासाठी) अभयारण्य बंद होणार होतं आणि केतकीला हळद्या पक्ष्याचा फोटो हवाच होता. गेल्या वर्षी तिच्या फोटोत नुसती पिवळी शेपटी आली होती. वर्गाने त्या शेपटीला केळ्याचं साल ठरवलं! ते हसणं केतकी अजून विसरली नव्हती.

तिघं हिरवे कपडे घालून करंजाच्या झुडपात बसली होती. पण हळद्या समोरच्या झाडावर उतरला रे उतरला, की काळा कोतवाल पक्षी त्यांच्याकडे बघून कर्कश ओरडायचा आणि हळद्या पसार!

"तात्या, तुम्ही हललात ना?"

"मी? अगं, मी श्वाससुद्धा जपून घेतोय."

"आपले कपडे तर स्वच्छ आहेत," भिंगऱ्या ऐटीत कुजबुजला. "काल दोनदा धुतलेत. झळाळीच्या पावडरने. दुप्पट माप!"

प्रकाशाचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेल्या तात्यांनी कपाळावर हात मारला. "घात केलास, बाबा! तुझी डाग शोधायची विजेरी आण."

त्यांनी शर्टाची बाही भिंगऱ्याच्या पोटातल्या अंधाऱ्या कप्प्यात घातली आणि विजेरी लावली. हिरवी बाही निळसर चमकू लागली!

"या विजेरीतून अतिनील प्रकाश (जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा) येतो. उन्हातही तो असतो. पावडरीतले कण तो पितात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. आपल्याला वाटतं, कपडा उजळला. पण रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, पाखरांच्या चार. त्यांना अतिनीलही दिसतो. तो गिळून निळा उजळणारा कपडा त्यांना पानांत लगेच वेगळा दिसतो. त्यांच्या लेखी आपण झुडपात बसलेली दिवाळी आहोत."

"मग आता?" केतकीने कॅमेरा खाली ठेवला.

तात्यांनी पाणवठ्याकडे बोट दाखवलं. "चिखल."

"मलासुद्धा?" भिंगऱ्या किंचाळला.

"तुला आधी!"

चिखल थापून तिघं पुन्हा बसली. कोतवालाने मान वाकडी करून पाहिलं, पण तो ओरडला नाही. हळद्या उतरला. चोचीपासून शेपटीपर्यंत अख्खा, लाल डोळ्यासकट! केतकीने खटका दाबला. आनंदाने तिला रडूच आलं.

"तात्या, म्हणजे त्याचे सगळे रंग आपल्याला दिसतच नाहीत?"

"काही राहूनच जातात."

"मग पाखरासारखं बघणारा कॅमेरा मी करीन. तुम्हाला पहिला दाखवीन."

"तोवर कपडे रिठ्याने धुऊ," तात्या हसले.

"तात्या," भिंगऱ्याचा अगदी बारीक आवाज आला, "माझ्या डोक्यावर कोण बसलंय?"

"कोतवाल. त्याला तू खांब वाटतोयस. हलू नकोस, केतकी फोटो काढतेय."

भिंगऱ्या हलला नाही. डोक्यावर पांढरा डाग पडला, तेव्हासुद्धा नाही.