एका दमात पन्नास

पैज फालतू होती. एका दमात पन्नासपर्यंत मोजायचं. हरेल त्यानं सोसायटीच्या गेटसमोर, सगळ्यांदेखत, कान धरून वीस उठाबशा काढायच्या.

"लोकांचे आवाज फार काढता, ज्ञानदेवराव. आता स्वतःचा दम दाखवा की," शेजारचे बाबुराव म्हणाले. राग रास्त होता. चेअरमनच्या आवाजात फोन करून मी त्यांना दोनदा गच्चीवर टाकी बघायला पळवलं होतं.

सरावाला सकाळी पन्नास आरामात झाले. संध्याकाळी सव्वीसला आवाज नाकात गेला. डावी पापणी आपोआप खाली आली.

"पुरे नाटक," बायको म्हणाली. नम्रता माझ्या नाटकांना विटलेली.

नाटक नव्हतं. तपासण्या झाल्या, नाव कळलं: मायस्थेनिया ग्रेव्हिस. मेंदूचा निरोप निघतो, पण शरीराचीच प्रतिकारशक्ती तो स्नायूच्या दारात अडवते. स्नायू वापरला की थकतो, विश्रांतीनं परत येतो. "श्वास कमी पडला तर तडक दवाखाना," डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. नम्रता आठ दिवस नीट झोपली नाही.

मी रोज संध्याकाळी मोजायचो. बावीस. एकोणीस. एकदा सतराला थांबलो, तर ती स्वयंपाकघरातून धावत आली. डोळ्यांत पाणी.

"अहो, पन्नास झाले! गोळ्या लागू पडल्या."

मला वाटलं, माझीच फिरकी घेतेय.

दुसऱ्या दिवशी अकराला थांबलो. ओठ मिटले. बारा, तेरा, चौदा मीही ऐकले. माझ्याच आवाजात, पाठीमागून.

पाठीमागे भिंत होती.

तिला सांगितलं. ती हसली. आयुष्यभर मीच शिकवलं होतं तिला, माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"पैज राहू द्या," बाबुराव म्हणाले.

"छे, रोज पन्नास म्हणतात आता!" नम्रता म्हणाली.

रविवारी संध्याकाळी मला गेटपाशी खुर्चीत बसवलं. बाबुरावांचा दम अठ्ठेचाळीसला तुटला. मग मी.

सातला आवाज संपला. जबडा लोंबला, तो हातानं वर धरला. छाती भरेना.

आठ. नऊ. दहा.

पन्नास झाले. टाळ्या पडल्या.

मी नम्रताची ओढणी ओढली. पुन्हा ओढली.

"अहो, जिंकलात. आता बास," ती म्हणाली.

बाबुरावांनी कान धरले. खाली बसले.

"एक," माझा आवाज म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघून हसले.

"दोन."

माझं तोंड मी हातानं मिटून धरलं होतं.