दारावरच्या दोन थापा

साखराबाईचं कुणीच खरं धरलं नाही. आधीही नाही, आत्ताही नाही. हाताचा इशारा झाला म्हणून तिनं दांडा ओढला, एवढी सरळ गोष्ट ती सांगत होती. पण ऐकणारे असे बघायचे, जसं काही बाई दिवसाढवळ्या पिऊन आलीय.

दिंद्रुडच्या आसपास कुणाची गाडी रस्ता सोडून खाली उतरली, की तिच्याच घरी फोन यायचा. ट्रॅक्टरला मागं तारेचा रोप गुंडाळून गाडी वर ओढणारं विंच बसवलेलं. तिचा नवरा फसलेल्या गाडीत स्टेरिंग धरून बसायचा, ही वर रस्त्यावर विंचच्या दांड्याशी. त्याचा उजवा हात खिडकीबाहेर यायचा, बोट हवेत गरगर फिरायचं आणि दारावर दोन थापा पडायच्या. मगच ओढायचं. त्याआधी ब्रह्मदेव आला तरी नाही.

मागच्या हंगामात कॅनॉलच्या वळणावर असाच हात झाला, थापा पडल्या, तिनं ओढलं. आणि ह्या माणसाला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, थापा मारून टुणकन खाली उतरला आणि हुकातला रोप सरळ करायला गेला. उजवा हात मनगटापासून गेला. चिखलात, उसाच्या पाचटात माणसं कंदील घेऊन हुडकत बसली. हात काही सापडला नाही. शुद्धीवर आल्या आल्या हा म्हणतो, "म्या इशारा केलाच न्हवता. ह्या बयेनं आधीच वढलं."

झालं. हात तुटलेल्या माणसाला खोटं कोण म्हणणार?

तेव्हापासून तो अंगणात बाजेवर, आणि तिच्या डोक्याला ताप.

"साखरे, हात खाजतोय."

"कोनता?"

"गेलेला."

"मग जिथं गेलाय तिथं जाऊन खाजवा. मला भाकरी थापू द्या."

स्टेरिंगवर आता धाकटा दीर अंगद बसायचा. त्याला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हात-बित काही नको, लाल गमजा हलवायचा. गमजा दिसल्याशिवाय मी दांड्याला शिवणार नाही.

त्या दिवशी फोन आला तो नेमका त्याच वळणावरून. रामप्रसाद नावाच्या ड्रायव्हरचा ऊस भरलेला ट्रक काळ्या रानात बसला होता. ती निघाली तसा नवरा बाजेवरून म्हणाला, "मला ने की."

"तुमी च्या प्या."

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाला, "बरं. माजा हात हायच तिथं."

तिनं पदर खोचला आणि ट्रॅक्टर चालू केला. असल्या बोलण्याला उत्तर देत बसलं तर दिवस पुरायचा नाही.

ती आणि अंगद पोचले तेव्हा दिवस मावळत होता. कॅनॉलवरून धुकं सरकत येत होतं. शिळ्या उसाचा आंबूस वास, त्यात डिझेलचा. अंगदनं रोप अडकवला आणि ट्रकच्या केबिनमधे चढला. रामप्रसाद तिच्या मागं उभा राहून फोनवर मुकादमाशी भांडत होता. ट्रॅक्टरच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ट्रकची खालची बाजू तर अंधारात गेलीच होती.

आणि खिडकीतून हात आला.

गमजा नव्हता. नुसता हात, कोपरापर्यंत. बोट हवेत फिरलं. सावकाश. मग एवढ्या घरघरीतही तिला ऐकू आलं...

थाप. थाप.

गमजा कुठाय, असं मनात येईस्तोवर तिच्या हातानं दांडा ओढलेला होता. इतक्या वर्षांची सवय ती.

किंकाळी खालून आली, मागच्या चाकाकडून. तिनं दांडा सोडला आणि चिखलातून धावली. चाकापुढचा गाळ काढायला अंगद फावडं घेऊन खाली उतरला होता. पाय चाकाखाली.

तिनं मान वर करून केबिनकडं बघितलं. आत कुणी नव्हतं. खिडकीची काच पार वरपर्यंत चढवलेली. आणि दारावर ओल्या चिखलाचा पंजा. उजव्या हाताचा, पाची बोटांचा.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात अंगदची बायको मोहिनी तिच्या अंगावर धावली. "सोताच्या नवऱ्याचा हात खाल्ला, आता माज्या नवऱ्याचा पाय! आन म्हनं हात दिसला!"

नवऱ्याला शेजारच्या म्हाळूनं बाजेवरून उचलून थेट जीपमधे घालून आणलं होतं. तो बाकावर शाल पांघरून बसला आणि जबाब घ्यायला आलेल्या पोलीस जमादाराला म्हणाला, "दुसऱ्यांदा केलं साहेब हिनं. गुन्हा लिवा. विंच बी इकून टाकतो."

विंच गेलं, की घरातली चूल गेली. आणि तिच्या कपाळावर दोन माणसं अधू केल्याचा डाग जन्मभर. एवढं ऐकून घ्यायला ती काय दगड होती?

"बाई, इशारा कुनी केला?" जमादार वैतागला. "का मनानंच वढलं?"

"वैनीला बोलू नगा," खाटेवरून अंगदचा आवाज आला, बारीक. "इशारा झालता. थापा म्या बी ऐकल्या... दोन. वाटलं... दादाच आला."

नवऱ्यानं बूड हलवलं तशी शाल घसरली. थोट्या मनगटाला सकाळी साखराबाईनंच धुवट पांढरं फडकं बांधलं होतं. ते काळ्या चिखलानं माखलेलं होतं. ओलं. उसाचा आंबूस वास सुटला होता त्याला.

त्यानं घाईनं शाल ओढली आणि तिच्याकडं वाकून हळूच म्हणाला, "साखरे... आज खाज न्हाई बग."

"इशारा करनाऱ्याचं नाव सांगा बाई," जमादारानं पेन काढला.

लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. मोहिनीनं तोंडावर पदर धरला. साखराबाईनं मात्र डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्या वार्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"लिवा. दोनी येळेला हात त्यानंच केलता. त्रिंबक."