हेंडगा पेटण्याआधी

ओल्या हरभऱ्यात अनवाणी माणसाची बावीस पावलं दगडी बांधापर्यंत गेली होती. बांधापलीकडे माणसाचं एकही पाऊल नव्हतं. तिथून पुढे होते नुसते पंजे, नख्यांसकट.

"इथंच माणसाचा लांडगा झाला," सत्यम हळूच म्हणाला आणि तनुजाताईला चिकटून बसला.

लातूरहून सुट्टीला आलेल्या मंजुश्रीने असे लांडगे सिनेमात ढिगाने पाहिले होते. "पण ते पौर्णिमेला होतात रे. आज येळवस, म्हणजे रानात जेवायची अमावस्या."

"जळकोटच्या लांडग्याला कॅलेंडर कोण दाखवलं?" सत्यम म्हणाला.

तनुजाला मात्र हसू आलं नाही. आठ दिवसांत शिवारातली तीन बकरी गेली होती, आणि लांडगा कोण हे गावाने ठरवूनही टाकलं होतं. टेकडीखालच्या झोपडीत एकटा राहणारा मलप्पा! त्याच्या हातापाठीवर दाट केस, आणि तो स्वतःशीच कानडीत पुटपुटायचा. एवढा पुरावा गावाला पुरला. आज सकाळी आंबिलीचा माठ रानातल्या कडब्याच्या कोपीत ठेवताना तनुजाने अण्णाराव काकाचं बोलणं ऐकलं होतं. येळवशीला दिवस मावळताना कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून पिकाभोवती पळायचं, ही रीत. यंदा मात्र ते हेंडगे थेट मलप्पाच्या झोपडीवर न्यायचे होते. "झोपडी पेटली की कळंल, आतून माणूस निघतो का लांडगा," काका शांतपणे म्हणाला होता. त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली.

कमरेला दोर बांधून सत्यमला विहिरीत पोहायला शिकवलं ते याच मलप्पाने. तिने आबांना, म्हणजे आजोबांना सांगून पाहिलं. पण ग्यानोबा आबांनीही ती पावलं डोळ्यांनी पाहिली होती. ते मान फिरवून कामाला लागले.

आता संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. तनुजा बांधावर चढली. सगळा गाव पावलांचे फोटो काढून गेला होता, पण भीतीने बांधावर कुणी पाय ठेवला नव्हता. वर एका चपट्या दगडावर काळा चिखल खरवडून काढलेला होता. तिथूनच चिखलाळ चपलांचे ठसे बांधावरून कोंबड्यांच्या शेडकडे गेले होते.

"मंजू, ओल्या काळ्या रानात चप्पल कोण घालतं? पायाला मणभर चिखल चिकटतो. आपण चपला हातात घेतो आन् बांधावर आल्यावर पाय खरवडून घालतो. यानंबी तेच केलं."

"म्हणजे माणूस कुठं गायब झालाच नाही," मंजुश्री म्हणाली.

"आन् मलप्पाकाकाकडं चपलाच न्हाईत," सत्यम म्हणाला. "बारा महिने अनवाणी!"

बांधाखालच्या नाल्यातून घाण वास येत होता. नाक दाबून तिघं खाली वाकली. तिथे कोंबड्यांच्या खाद्याची फाटलेली पोती, मेलेल्या कोंबड्या आणि पिसंच पिसं पडली होती. भोवतीच्या चिखलात नुसते पंजेच पंजे उमटले होते. पलीकडच्या करवंदीत काहीतरी हललं. दोन पिवळे डोळे क्षणभर दिसले आणि नाहीसे झाले. तनुजाने एक पोतं ओढून घेतलं आणि तिघं जीव मुठीत धरून पळाली.

असली पोती येणारं कोंबड्यांचं शेड शिवारात एकच होतं, अण्णाराव काकाचं. आता पोरांचं ऐकून काकाला कोण खोटं ठरवणार? तनुजाने थोडा विचार केला आणि उन्हं कलताना ती सरळ मलप्पाच्या झोपडीकडे गेली.

तो दारातच बसला होता. यंदा त्याला जेवायला कुणीच बोलावलं नव्हतं. तरी तिला पाहताच त्याने विचारलं, "ऊट आयता?" जेवलीस का, असं. तनुजाने त्याचा हात धरला.

"न्हाई, काका. तुमच्यासाठी थांबले. चला."

दिवस मावळतीला वीस माणसं हेंडगे घेऊन निघाली, ती आबांच्या कोपीपाशी अडली. आत, चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांच्या पांडवांसमोर मलप्पा भाज्यांची घट्ट भज्जी आणि बाजरीचे उंडे खात होता.

"आबा, त्याला उठवा," अण्णाराव म्हणाला.

आबांनी एकदा मलप्पाकडे आणि एकदा नातीकडे पाहिलं. "येळवशीला पानावरनं कुणाला उठवायचं न्हाई. जेवण होऊ दे."

"तोवर सगळे बांधावर चला," तनुजा म्हणाली आणि तिने पोतं पुढे टाकलं. "अण्णाराव काका, तुमीबी. चपला घालून."

अण्णाराव जागचा हलला नाही. मग आबांनीच त्याचा दंड धरला. बांधावर त्याची चप्पल ठशात नेमकी बसली. रोगाने कोंबड्या मेल्या, मुरमात खड्डा कोण खणणार म्हणून कुणाला दिसू नये असं हरभऱ्यातून आडवाटेनं नेऊन नाल्यात टाकल्या, एवढं तो खाली मान घालून पुटपुटला. त्या वासावर लांडगे आले आणि जाताना बकरी घेऊन गेले.

"डोळे आमालाबी व्हते," आबा पोरांना म्हणाले. "पर बांधावर तुमीच चढला. शाब्बास."

परत येताना टेकडीवरून खऱ्या लांडग्याची लांब हाळी आली. सगळे थबकले. आबांनी अण्णारावच्या हातातला हेंडगा काढून घेतला, पेटवला आणि आपल्या रानाभोवती फिरवायला मलप्पाच्या हाती दिला. झोपडी जाळायला बांधलेला तो हेंडगा घेऊन मलप्पा हरभऱ्याच्या कडेने अनवाणी पळत सुटला, आणि त्याच्यामागे सत्यम.