सगळे स्विच बंद असताना

गाड्यांच्या वायरिंगचं काम मी बावीस वर्षं करतोय. सवय अशी, की मीटर काय सांगतो ते आधी ऐकायचं आणि गिऱ्हाईक काय सांगतं ते नंतर.

कॅम्पर घेऊन आलं ते एक निवृत्त जोडपं होतं. बाई पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स, साहेब जमीन मोजणीत सर्वेअर. आयुष्यभर ड्यूट्या केल्या, आता वर्षभर नुसतं फिरायचं, एवढंच त्यांचं ठरलेलं. गाडी जुनी घेतलेली. आत ओटा, पलंग आणि खिडकीखाली दोघांपुरतं गादीचं बाक. तक्रार एकच. झोपताना भरलेली बॅटरी सकाळी रिकामी. दीड वर्षात तीन बॅटऱ्या गेल्या होत्या.

"या गाडीत बॅटरी नांदतच नाही," साहेब म्हणाले.

मी समजावलं, की जुन्या ॲसिडच्या बॅटऱ्या फार उतरल्या की कामातून जातात. लिथियमच्या दोन टाकू, छतावर चार सोलर पॅनल बसवू, काळजी मिटेल. दोघांनाही पटलं.

चौथ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. शेवटी मॉनिटर लावला. बॅटरीत किती वीज येते, किती जाते, ते त्यावर दिसतं, आणि गाडी कुठेही असली तरी इंटरनेटवरून माझ्या फोनवरही. सगळे स्विच बंद होते. आकडा शून्य यायला हवा होता. तीन अँपिअर जात होते.

काहीतरी चालू राहिलं असणार, म्हणून फ्यूज एकेक करून काढले, आकडा तोच. तीन. फ्रिजची, पंपाची, दिव्यांची वायर सोडवली. तीनच. राहिली ती बाकामागच्या फळीतून आलेली एक जाड काळी वायर. ओढून बाहेर काढली, तर तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. मीटरचा चिमटा लावला. तीन अँपिअर माझ्या बोटांपर्यंत येत होते आणि तिथून पुढे कुठेतरी जात होते.

ती वायर मी कापून टाकली. मॉनिटरवरचा आकडा हलला नाही.

वायरचे सांधे तापतात का ते बघायला मी एक थर्मामीटर बाळगतो, पिस्तुलासारखा लांबून रोखायचा. गाडीत सगळीकडे चोवीस डिग्री. बाकाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात एकोणतीस. हात ठेवून पाहिला. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी गादी उबदार होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. पाच अँपिअर, तेहतीस डिग्री. तिसऱ्या दिवशी आठ अँपिअर आणि छत्तीस पॉइंट आठ. तिथं तो आकडा थांबला.

पूर्वी रोज सकाळपर्यंत वीज संपायची. आता ती संपू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

बाई गाडी बघायला आल्या तेव्हा मी थर्मामीटर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आकडा दोनदा वाचला.

"हे माणसाचं टेंपरेचर आहे," त्या हळूच म्हणाल्या.

मी छतावर चढून पॅनलवर ताडपत्री टाकली, खाली आलो आणि बॅटरीच तोडणारा मेन स्विच बंद केला. भर दुपार होती. शेजारच्या गॅरेजात पत्रा ठोकणं चाललं होतं.

मिनिटभर काही नाही.

मग बाकाच्या कोपऱ्यातून आवाज यायला लागला. बारीक, भरभर. थंडीनं दात वाजावेत तसा.

बाईंनी माझा दंड धरला.

आवाज वाढला.

मी स्विच चालू केला. तो थांबला.

साहेबांना सांगितलं, तर त्यांनी माझा मीटरच बिघडलाय का, ते विचारलं. बाईंनी गाडी विकून टाकायचं दोनदा सुचवलं, पण साहेबांनी मनावर घेतलं नाही. मी गाडी द्यायला नको होती. दिली. किल्ली आणि माझा तो थर्मामीटर बाईंच्या हातात ठेवताना एवढंच सांगितलं, की मेन स्विच बंद करू नका.

महिनाभर रोज चहाच्या वेळी मी फोनवर आकडा बघायचो. बॅटरी भरलेली, आठ अँपिअर चालू. मग ते डोंगरात गेले. तिथं दाट धुकं होतं. साठ टक्के, तीस, नऊ. मी फोन करत राहिलो. वाजायचा, कुणी उचलायचं नाही. एका दुपारी स्क्रीन कोरी झाली.

पाचव्या दिवशी बाईंनीच फोन केला; वीज गेल्यापासून चार्जिंग वाचवायला तो बंद ठेवला होता. आवाज शांत होता, वॉर्डात बोलावं तसा. पुढे-मागे दरड कोसळून रस्ता बंद होता, इंजिनही सुरू होत नव्हतं. उद्या कुणीतरी येईल, म्हणाल्या. बॅटरी संपल्यावर तो आवाज आला का, असं मी विचारलं. थोडा वेळ आला, म्हणाल्या. मग साहेब बाकावर त्या कोपऱ्याशेजारी जाऊन बसले, तेव्हा थांबला. तेव्हापासून ते उठलेले नाहीत. अंगावर दोन रजया आहेत, तरी कुडकुडतात.

"टेंपरेचर किती आहे?"

"सकाळी चौतीस होतं. आता तेहतीस."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. "आणि त्यांच्या शेजारची जागा?"

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. चपलांचा आवाज लांब गेला, थोडा वेळ थांबला आणि परत आला.

"छत्तीस पॉइंट आठ," त्या म्हणाल्या. "आता तिथली गादी दबलीय."