माईक आधीच ओला होता

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावी, माझं काही म्हणणं नाही. मी दातांची डॉक्टर आहे. भुताखेतांच्या गोष्टी रचायला मला वेळही नाही आणि हौसही नाही.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. संध्याकाळचे सात. एका मोठ्या सभागृहात पाचव्या रांगेत मी आणि माझी भावजय बसलो होतो. स्टेजवर माझा धाकटा भाऊ होता.

त्या संध्याकाळी स्टेजमागे जाऊन मी त्याच्या थोबाडीत मारली.

आयुष्यात पहिल्यांदा.

पण आधीपासून सांगते.

भाऊ स्टँडअप कॉमेडी करायचा. नऊ वर्षं केली. कॅफेच्या तळघरात सात माणसांसमोर, त्यातले दोन वेटर. कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमात, लोक तोंड फिरवून जेवत असताना. त्याचा एकच नियम होता. शिवी नाही, कमरेखालचं नाही, कुणाच्या शरीरावरून विनोद नाही. "जे स्वतःच्या पोरीसमोर बोलता येणार नाही ते माईकवर बोलायचं नाही," म्हणायचा. बाकीचे कॉमेडियन त्याला 'साबण' म्हणत. त्याला ते नाव आवडायचं.

मग त्याला बॉसने उचललं.

बॉस म्हणजे मोठा स्टार. सगळे त्याला बॉसच म्हणतात. त्याचं एकूण एक वाक्य कमरेखालचं, आणि हॉल महिनाभर आधी फुल्ल. बावीस शहरांचा दौरा होता. बॉस येण्याआधी पंधरा मिनिटं माझा भाऊ. लोक अजून आपली खुर्ची शोधत असतात, मोबाईल बंद करत असतात, तेव्हा हॉल तापवायचा. म्हणजे त्या माईकवर बोलणारा पहिला माणूस तोच.

तिसऱ्या शोनंतर त्याचा फोन आला.

"ताई, माईक ओला असतो गं."

"एसीमुळे असेल. लोखंडाची जाळी गार पडते, पाणी धरते."

"गार नाही... कोमट असतो. नुकतंच कुणीतरी तोंडाला लावून बोलल्यासारखा. माझ्या आधी कुणीच बोलत नाही गं."

मी हसून सोडून दिलं.

त्याने स्वतःचा माईक विकत घेतला. डब्यात कुलूप लावून न्यायचा. स्टेजवर स्वतःच्या हाताने काढायचा.

तोही ओला.

आणि आता वास यायला लागला होता.

ऑक्टोबरमध्ये तो माझ्या दवाखान्यात आला. मंगळवार, दुपारची वेळ, पेशंट कुणी नव्हतं. म्हणाला, "बोलताना तोंडात दुसऱ्याची थुंकी आल्यासारखं वाटतं. दिवसातून सहादा ब्रश करतो. बघ जरा."

मी बघितलं. दात उत्तम, हिरड्या गुलाबी, जीभ स्वच्छ. असं तोंड मला महिन्यातून एकदा बघायला मिळतं.

पण वास होता. सडक्या दाताचा वास मला ओळखता येतो, पू झालेल्या हिरडीचाही. हा तसला नव्हता. वर्षानुवर्षं न धुतलेली कवळी डबीतून काढावी, तसा. जुना. चिकट.

तोंडात घालायचा छोटा आरसा सारखा धूसर होत होता. मी म्हटलं, "श्वास रोखून धर."

त्याने धरला. छाती थांबली. मी आरसा पुसून पुन्हा आत घातला.

काच पांढरी झाली...

मग साफ झाली.

मग पुन्हा पांढरी.

अगदी संथपणे. आत कुणीतरी निवांत श्वास घेत बसल्यासारखं.

मी हात मागे घेतला. "पित्त झालंय," म्हटलं. गुळण्यांचं औषध लिहून दिलं. मी खोटं बोलले. तो गेल्यावर ते हातमोजे मी नुसते टाकले नाहीत, पिशवीत घालून गाठ मारून टाकले.

आणि मग तो नोव्हेंबरचा शनिवार.

आमच्याच शहरात शो होता. भावजय नवी साडी नेसून आली होती. दिवे मंदावले. स्टेजच्या मध्ये एक गोल उजेड, त्यात माईकचा स्टँड. स्वतःचा माईक आणणं भावाने तोवर सोडून दिलं होतं. भाऊ अजून विंगेतच होता.

माईकच्या जाळीवरून एक थेंब लोंबला...

लांब. तार धरून. तुटतच नव्हता.

भाऊ आला, खिशातून रुमाल काढला, माईक पुसला. लोक हसले. त्यांना वाटलं, हाही विनोदच.

मग त्याने सुरुवात केली. त्याचे पंधरा मिनिटांचे विनोद मला तोंडपाठ होते. पहिला त्याच्या मुलीचा. तो तिला सांगतो, खोटं बोलू नये. ती म्हणते, मग काल अंथरुणात लोळत फोनवर 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' कोण म्हणालं?

त्याचे ओठ तेच म्हणत होते. मी ओठ बघत होते.

ऐकू दुसरंच येत होतं.

"म्हातारी आमची..." असे शब्द आले. आता बघा, 'म' म्हणायचा तर ओठ मिटावेच लागतात. मी रोज लोकांची तोंडं बघते. त्याचे ओठ त्या वेळी सताड उघडे होते.

आवाज मात्र त्याचाच. थोडा ओला.

आमच्या आईचं शेवटचं दीड वर्ष अंथरुणातच गेलं. सगळं तिथेच. मी आणि भाऊ आळीपाळीने करायचो. त्याचं लग्न नंतर झालं, त्यामुळे त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नसायचं. त्यातलं एकूण एक त्या माईकवर आलं. तिच्या पाठीच्या जखमा. चादरीला चिकटून निघालेली कातडी. कूस बदलताना तिचा ताबा सुटायचा आणि ती बारीक आवाजात माफी मागायची... तो आवाजसुद्धा काढला. हुबेहूब.

आणि लोक हसत होते.

पुढचा माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारत होता. मागची बाई नाकातून फुरफुरत "अगं बाई, अगं बाई" करत होती. कुणीतरी डोळे पुसत होतं. मला त्या क्षणी आवाजापेक्षा या माणसांची जास्त किळस आली. चांगले कपडे घातलेली, अत्तर लावलेली, घरी कुणीतरी म्हातारं असलेली माणसं.

भावजय उठली. "ताई, हा माणूस आहे का कोण आहे?" एवढंच बोलली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन माहेरी गेली.

मी स्टेजमागे गेले आणि त्याला मारलं.

तो गालावर हात धरून बघतच राहिला. चेहरा आनंदाने फुललेला होता, तो तसाच गोठला.

"काय झालं? ताई, अगं आज पहिल्यांदा एवढे हसले! 'निघालोच'ला तर टाळ्या..."

तेवढ्यात बॉस आला. स्टेजवर जायच्या घाईत. भावाला मिठी मारली. "साबणा, आला रे बाबा फेस एकदाचा! आईवरचं ते... मुतायचा बाकी होतो मी! पुढच्या वर्षी अर्धा तास तुझा. पोस्टरवर फोटो."

तो गेला. भाऊ माझ्याकडे वळला. "आईवरचं कुठलं? माझ्या विनोदांत आई नाहीच आहे."

साउंडवाला कोपऱ्यात वायर गुंडाळत उभा होता. पन्नाशीचा, शांत माणूस. बॉसबरोबर खूप वर्षं होता. त्याने रेकॉर्डिंग लावलं, हेडफोन आधी माझ्या कानाला लावला, मग भावाच्या.

"हा 'निघालोच' आहे," भाऊ म्हणाला. "हेच तर बोललो मी."

मी पुन्हा ऐकलं. तीच घाण. म्हटलं, "यात आई म्हणते, बाळा, नाक धरलंस तरी चालेल, मला वाईट नाही वाटणार."

भाऊ खाली बसला. फरशीवरच.

"हे वाक्य..." त्याने हेडफोन काढून ठेवला. "हे ती मला म्हणाली होती गं. तू बाहेर गेली होतीस. मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नाही."

साउंडवाला हळूच म्हणाला, "मॅडम, यांच्या आधी जो होता तोही स्वच्छच बोलायचा. त्यालाही माईकवरून खरं काय बाहेर पडतंय ते ऐकू यायचं नाही. बायकोने वहीत लिहून दाखवलं. मग त्याने घरी फिनाईलने गुळण्या केल्या. आठवडाभर होता हॉस्पिटलमध्ये. नाही वाचला."

"म्हणजे माईकवर बोलतो तो हाच?" मी विचारलं.

"नाही मॅडम." त्याने माईक डब्यात ठेवला आणि बोटं पँटला पुसली. "माईक ओला लागतो, ही तक्रार त्याचीही होती. पहिल्या दिवसापासून."

रविवारी त्याच हॉलमध्ये दुसरा शो होता. मी म्हटलं, जाऊ नकोस. भाऊ म्हणाला, "नऊ वर्षं घासलीत मी यासाठी. माझं काय आणि त्याचं काय, एकदा कळू दे. आज मी तोंडच उघडणार नाही."

मी विंगेत उभी होते.

तो गेला. स्टँडपासून दोन पावलं लांब उभा राहिला. हात पाठीमागे. ओठ घट्ट मिटलेले.

हॉल शांत. कुणीतरी खोकलं.

दहा सेकंद गेले असतील...

तिसऱ्या रांगेत एक बाई फिस्सकन हसली.

मग दोघं. मग अख्खी रांग. मग हॉल.

स्पीकरमधून भावाचा आवाज येत होता. मुक्त, खुशीत, थुंकी उडवत. आणि तो स्वतः उजेडात उभा होता, जबडा आवळून. गळ्याची घाटीसुद्धा हलत नव्हती. फक्त डोळे माझ्याकडे. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं तेव्हा लोक आणखीच हसले.

कुणालाच दिसत नव्हतं का, की तो बोलत नाहीये? की दिसूनही चालत होतं?

सहा मिनिटं तो टिकला. मग धावत आत आला आणि बेसिनवर ओकला. पोटात अन्न नव्हतं. जे आलं ते पांढरं, दोरीसारखं, आणि त्याला तोच कवळीचा वास. मी त्याची पाठ चोळत होते.

बाहेर टाळ्या चालूच होत्या. आवाजही.

तो पंधरा मिनिटं पूर्ण करून थांबला.

भावाने दौरा सोडला. कॉमेडीच सोडली. आता एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर तोंड उघडावं लागत नाही. भावजयीला समजवायला दोन महिने लागले, पण ती परत आली. वास गेला. मी दर पंधरवड्याला त्याचं तोंड तपासते. श्वास रोखला की आरसा स्वच्छ राहतो.

इथपर्यंतचं त्याने वाचलंय. पुढचं मी त्याला दाखवलेलं नाही.

गेल्या महिन्यात एक नवी पेशंट आली. दाढ काढायची होती. इंजेक्शन दिलं, गाल बधिर व्हायची वाट बघत बसलो होतो. माझ्या आडनावावरून तिने विचारलं, "ते कॉमेडियन तुमचे कोण?"

"भाऊ. पण त्याने सोडलं ते."

"सोडलं कसं? परवा शुक्रवारी बघितलं की आम्ही! बॉसच्या आधी होते ना."

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ माझ्या घरी होता. दोघं मिळून कपाट सरकवत होतो.

"तो आईचा किस्सा काय सांगतात हो!" ती म्हणाली. आणि सांगायलाच लागली. अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला, लाळ हनुवटीवर. चादरीचं. कातडीचं. माफी मागण्याचं.

मी तिला थांबवायला हवं होतं. उठून जायला हवं होतं.

ती शेवटच्या वाक्याला आली...

आणि मला हसू आलं.

खोटं नाही. पोटातून आलं. खुर्चीचा दांडा धरून मी हसत होते, माझ्याच आईला.

ती गेल्यावर मी बेसिनवर वाकले, घशात बोटं घातली.

तरी हसू थांबत नव्हतं.