सर्वांत लहान आकडा

नळाची धार मोठी असली म्हणून पाणी लवकर येतं असं नाही. टाकी लांब असेल तर तोटी फिरवल्यावर पहिला थेंब पडेपर्यंत थांबावंच लागतं. इंटरनेटचंही तसंच. वेग म्हणजे धारेची जाडी, आणि विलंब म्हणजे पहिल्या थेंबाची वाट पाहणं. हे मी माझ्या नातीला, भिंगरीला, समजावून सांगितलं तेव्हा ती समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात काचेच्या खोलीत होती, आणि तिच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता.

अस्थिमज्जेचा उपचार चालू होता. आत फक्त तिची आई, म्हणजे माझी लेक, जाऊ शकायची. तीही नाकतोंड झाकून. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, तेव्हा रोज सकाळी पडद्यावर भिंगरीचा वर्ग घ्यायचे. पण तिनं जेवण सोडलं होतं, आणि हळूहळू बोलणंही. डॉक्टर म्हणाले, औषध त्याचं काम करेल, पोरीनंही उभारी धरायला हवी. तिला एकच गोष्ट हवी होती, माझ्याबरोबर टाळ्यांचा खेळ. नेमका तोच जमत नव्हता. माझी टाळी वाजून जायची आणि तिची मागाहून यायची.

"आजी, तू चुकतेस."

"मी नाही गं, वाट लांब आहे."

"मग किती लांब ते मोज की! शिक्षिका ना तू?"

माझ्या भाच्यानं दोन्हीकडे एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. माझा संगणक हाक मारायचा, तिचा टॅब ओ द्यायचा, आणि मधला वेळ मिलिसेकंदांत पडद्यावर उमटायचा. मोजायचं तर नीट मोजावं. मी वायफाय बंद केलं, मोडेमची तार थेट संगणकाला लावली, घरातलं बाकी सगळं बंद ठेवलं. पुष्कळ हाका मारायच्या आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा.

"सरासरी का नाही घ्यायची, सांग बघू?"

भिंगरीनं बराच विचार केला. "वाटेत गर्दी लागली तर उशीर होतो. पण वाट आहे त्याहून छोटी होऊच शकत नाही. म्हणून छोटा आकडा खरा."

असं उत्तर ऐकलं की शिक्षिकेच्या जन्माचं सार्थक होतं. मी तिला सांगितलं, आपल्यामधलं अंतर काचेच्या तारेतून जाऊन यायला प्रकाशालाही नव्वद मिलिसेकंद लागतात. आपला आकडा दोनशे चौदा आहे. वाट सुधारली तर कमी होईल, पण नव्वदच्या खाली कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो दीडशेवर आला. कुठेतरी नवी तार पडली असेल, म्हणून मी मनोमन त्या अनोळखी कामगारांचे आभार मानले. मग शंभर झाला. टाळ्या जवळ येऊ लागल्या. भिंगरी पेज प्यायली.

मग एकसष्ट.

मी पुन्हा मोजलं. गावातल्याच एका संगणकाला हाक मारली, तर आकडा नेहमीचाच आला. यंत्र ठीक होतं. उत्तर चूक होतं.

त्या दिवशी लेक म्हणाली, "अगं आई, हिचे पाय दुखतायत. पलंगावरून खाली उतरली नाहीये ही, आणि म्हणते, चालून चालून दमले."

आकडा रोज उतरत गेला. शेवटी मी लाइनवाल्याला बोलावलं.

"काय तक्रार आहे आजी?"

"नेट फार लवकर चालतंय."

तो खो खो हसला. "इतकी वर्षं खांबावर चढतोय, पण अशी तक्रार पहिल्यांदाच! बायकोला सांगितलं तर म्हणेल, प्यायलाय."

हसतच त्यानं आपलं यंत्र तारेला लावलं. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जाऊन यायला तीन लागत होते. घराबाहेर पडणाऱ्या कुठल्याही हाकेला त्याहून कमी लागणं शक्य नव्हतं. मग मी भिंगरीच्या टॅबला हाक मारली.

एकाहून कमी.

त्याचं हसू मावळलं. त्यानं तार उलटसुलट करून पाहिली, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटीच."

"पंखा चालू आहे आतला."

मी तो लावला नव्हता. लाइनवाला गेला तेव्हा त्याच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला होता.

दुसऱ्या सकाळी आम्ही टाळ्यांचा खेळ खेळलो. एकही टाळी चुकली नाही. समोरच्या पडद्यावर भिंगरी खदखदून हसत होती, आणि तिच्या टाळीचा आवाज मला पडद्यातून येत नव्हता. मी मागे वळून पाहिलं नाही. पोर हसत होती, मला तेवढं पुरे होतं.

त्यानंतर तिचं रक्त सुधारत गेलं. ती तिकडच्या आपल्या घरी गेली, डोक्यावर मऊ लव आली. नव्या टॅबवरून तिनं मला फोन लावला. मी मोजलं तर दोनशे चौदा. आमच्या टाळ्या पुन्हा मागेपुढे झाल्या आणि दोघीही हसलो.

"जुना टॅब कुठे गं?" मी विचारलं.

"तो त्यांनी जाळला आई," लेक म्हणाली. "त्या खोलीतलं काहीच बाहेर नेऊ देत नाहीत."

भिंगरी पडद्याजवळ आली. "आजी, ती तुझ्याकडेच राहिली ना?"

"कोण गं?"

"माझा हात धरून आणायची ती. परत येताना म्हणाली, तू जा एकटी, आता तुला वाट माहीत आहे. तिला सांग हं, मी बरी आहे."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगते."

फोन ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं. निरोप द्यायचा शब्द दिला होता, आणि उपकार तर डोंगराएवढे होते. मी जाळलेल्या टॅबच्या पत्त्यावर हाक मारली.

ओ आली. एकाहून कमी.

मी मोडेमची तार उपसून हातात धरली आणि पुन्हा हाक मारली.

ओ आली.

"भिंगरी बरी आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "तुझे फार उपकार झाले, बाई."

पडदा थोडा वेळ कोरा राहिला. मग एक ओळ उमटली. ही माझी हाक नव्हती. या वेळी हाक तिकडून आली होती, आणि माझ्या उत्तराला किती वेळ लागतो ते मोजलं जात होतं.

मी खुर्ची आतल्या दाराकडे वळवली आणि ओ दिली.