व चा प

जोतीराम आबा इस्लामपूरहून काळ्या शाईचा डबा घेऊन आले, तेव्हा ऊन माथ्यावर होतं. दुकानदार म्हणाला होता, "आबा, फ्लेक्स करून देतो की. फोटो टाकू, भोवतीनं फुलं टाकू." आबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. फुलं मेलेल्या माणसाला टाकतात.

आबांचा मुलगा जयराज गेल्या आठवड्यात फरशी पुलावरून मोटरसायकलसकट कृष्णेत वाहून गेला होता. गाडी सापडली. जयराज सापडला नाही. पेपरनं मात्र मथळा छापून टाकला : 'कर्ता मुलगा हरपला'.

"बॉडी न्हाई, काय न्हाई, आन् हरपला कसा?" आबा सुनेला म्हणाले. "हरवलाय त्यो. येका अक्षराचा फरक. पर त्येवढ्यात माणूस जिता हाय."

"व्हय, आबा," क्रांती म्हणाली. कुंकू तिनं पुसलं नव्हतं.

उमेदीत आबांनी कुस्ती मैदानांची पोस्टरं लाकडात कोरली होती. शाळा जेमतेम, पण उलटं अक्षर कोरताना हात कधी चुकला नाही. सागवानी फळीवर त्यांनी पोराचा चेहरा आदल्या रात्रीच कोरून ठेवला होता. खाली एकच ओळ : जयराज हरवला आहे. शाई फिरवली, कागद टाकला, वाटीच्या बुडानं घासला आणि उचलला.

जयराज हरपला आहे.

आबांनी फळीवरून बोट फिरवलं. व च होता. पोट बंद. प चं उघडं असतं.

त्यांनी दुसरा कागद टाकला. मग तिसरा. वारा पडला होता. शिवारात पाखरू बोलत नव्हतं. कागदाला शाईचा वास येत नव्हता... गाळाचा येत होता. आणि दर कागदावर तोच प, तोंड उघडून बसलेला.

"आबा... काय झालं?"

"वाच."

"जयराज हरवला आहे." क्रांती किती दिवसांनी हसली. "चेहरा लय झ्याक आलाय. आणा हिकडं, डकवून येते."

"थांब, पोरी..."

"थांबू कशाला? कुणी तरी बघितलं आसंल त्येंला."

ती खळीचा डबा घेऊन निघालीसुद्धा. आबांना अडवता आलं नाही. तिचे डोळे खोटे की आपले, तेच त्यांना ठरेना.

उन्हं कलली तशी माणसं यायला लागली. चपला दाराबाहेर काढून, खाली मान घालून अंगणात बसली. क्रांती लगबगीनं पुढं झाली. "बसा, बसा. च्या ठेवते. काय ठावठिकाणा लागला जणू?"

कुणी तिच्याकडं बघेना. ती आत गेली. जयराजचा तालमीतला जोडीदार गुंडा सरकत आबांजवळ आला.

"आबा... कवा गावला?"

"कोण म्हणालं गावला?"

"आवं, तुमीच छापलंय न्हवं. घाटावरच्या वडाला लावलंय की. रक्षाविसर्जन उद्या सकाळी, म्हणून..."

अशी ओळ आबांनी कोरली नव्हती. त्यांनी फळी उचलली. चेहऱ्याखाली एकच ओळ होती, त्याखाली कोरं लाकूड. फळी हाताला ओली लागली.

तेवढ्यात चुलीपासून क्रांतीचा आवाज आला. "आबा, आणखी चार छापा. घाटाकडं येक बी लावलं न्हाई म्यां. तिकडं पायच वळंना..."